जट

यशवंतरावांचा हात शेवंतीच्या पाठीवरून खाली येता येता शेपटीच्या अलीकडे अडला. सकाळचे साडेआठ झाले असतील. थेरगावातल्या त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत ऊन नुकतंच पोचलं होतं, खाली डांगे चौकाकडे निघालेल्या गाड्यांचा गोंगाट सुरू झाला होता, आणि रोजच्यासारखा एका हातात पेपर धरून त्यांचा दुसरा हात मांजरीवर फिरत होता. तो अडला म्हणून त्यांनी पेपर खाली ठेवला. केसांखाली काहीतरी टणक होतं, खजुराच्या बीएवढं. त्याच्या बाजूला दुसरं, जरा लांबट. बोटांनी केस बाजूला करून पाहिलं तर पाठीच्या खालच्या भागात गाठीच गाठी झाल्या होत्या, एकीत एक गुंतून घट्ट बसलेल्या, आणि त्यांच्या मुळाशी पांढरा कोंडा. वास येत होता. चौदा वर्षांत या मांजरीला कधी वास आला नव्हता. मुलगी तेजस्विनी कॉलेजात असताना तिनं हे पिल्लू ओढणीत गुंडाळून घरी आणलं, तेव्हापासून शेवंती म्हणजे घरातलं सगळ्यात स्वच्छ माणूस. जेवण झालं की तासभर तिचं चालायचं. आधी पंजा, मग पंजानं कान, मग छाती, आणि शेवटी मागचा एक पाय सरळ वर उभारून पोटापासून शेपटीच्या टोकापर्यंत. तेजस्विनी म्हणायची, "आईला आंघोळीला पाच मिनिटं लागतात, हिला बघा." तो वर उभारलेला पाय आपण शेवटचा कधी पाहिला, हे यशवंतराव आठवू लागले. दिवाळीत? गणपतीत? आठवेना.

गाठींपेक्षा हे न आठवणंच त्यांना जास्त लागलं. छत्तीस वर्षं त्यांनी हाताच्या जिवावर नोकरी केली होती. कंपनीत, आधी पिंपरीला आणि नंतर चाकणच्या नव्या प्लांटला, प्रेसमधून निघालेले गाडीचे दरवाजे आणि बोनेट तपासायचं त्यांचं काम. पातळ सुती हातमोजा घालायचा आणि पत्र्यावर तळवा सपाट ठेवून एका दमात फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा खोलगटपणा हाताला कळतो. रंग चढल्यावर तोच उन्हात चमकतो आणि मग गिऱ्हाईक बोंब मारतं. मशीन आली, कॅमेरे आले, तरी अडलं की साहेब लोक म्हणायचे, यशवंतरावांना बोलवा. असा हात रोज सकाळी या मांजरीवर फिरत होता आणि त्याला काही कळलं नव्हतं. म्हणजे हात फिरत होता, माणूस नव्हता. त्यांनी शेवंतीकडे पाहिलं. ती उन्हात डोळे मिटून बसली होती, चारी पाय पोटाखाली घेऊन.

त्यांच्या पत्नी साधनाबाई चहाचे कप न्यायला आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हातारी झाली ती. आळसावलीय. आता कोण चाटत बसणार?" यशवंतरावांना ते पटलं. इतकंच नाही, मांजरीचा थोडा रागही आला, खा-खा करून पडून राहते आणि अंग स्वच्छ ठेवायचं म्हणजे जिवावर येतं. त्याच रागात ते स्वयंपाकघरातली कात्री घेऊन आले. एक गाठ चिमटीत धरून त्यांनी मुळाशी कात्री सरकवली. शेवंती जशी ओरडली तसं त्यांनी तिला कधीच ओरडताना ऐकलं नव्हतं. माणसाच्या मुलासारखं. तिनं वळून चावायचा प्रयत्न केला, पण मान अर्ध्यातच थांबली, दात हवेतच वाजले. कात्रीच्या टोकाला रक्त होतं आणि कापलेल्या केसांबरोबर कातडीची एक बारीक चीर उघडली होती. साधनाबाई आतून धावत आल्या. "काय केलंत हे? अहो, काय केलंत?" यशवंतराव कात्री हातात धरून तसेच बसून राहिले. ती चावू शकली नाही. वळता आलं नाही तिला. एवढं एकच त्यांच्या डोक्यात राहिलं.

भाजीच्या प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये टॉवेल घालून, वर दुसरं कॅरेट पालथं बांधून त्यांनी तिला रिक्षात घेतलं. जनावरांचा दवाखाना चौकाच्या पलीकडे, एका हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर पूनम म्हणून एक तरुण बाई होत्या, बोलण्यावरून मराठवाड्याकडच्या. त्यांनी आधी चिरेवर औषध लावलं आणि म्हणाल्या, "काका, कात्री कधी लावू नका. म्हाताऱ्या मांजराची कातडी लई पातळ असते, केसाबरोबर वर येते." मग त्यांनी दात पाहिले, नखं पाहिली. ती जाड होऊन आत वळायला लागली होती. मागचे पाय हळूच लांब केले, कंबरेच्या वर कण्यावर दोन बोटं ठेवली. शेवंती ओरडली नाही. घशात एक खालच्या पट्टीतली घरघर फक्त आली.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजच बघितलं."

"गाठी आजच्या नाहीत. तीन-चार महिन्यांच्या तरी आहेत. खिडकीत उडी मारते का अजून?"

यशवंतरावांनी आठवून पाहिलं. शेवंती पूर्वी खिडकीतच असायची. ती जमिनीवर बसायला लागली ती उन्हासाठी, असं त्यांनी धरून घेतलं होतं.

"नाही लक्षात येत लवकर," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष देणं नव्हतं, त्यामुळे ते ऐकणं आणखी अवघड झालं. "मांजर दुखतंय म्हणून रडत नाही. एकेक गोष्ट सोडून देतं. आधी उंच उडी सोडतं, मग पाठ चाटायची सोडतं. घरच्यांना वाटतं वय झालं, आळस आला. काका, हिच्या कण्याचे सांधे धरलेत. मान मागं न्यायची म्हटलं की कळ निघते. जीभ जिथवर पोचते तिथवर बघा, अजून कशी लख्ख आहे."

आणि यशवंतरावांनी पाहिलं. पंजे, छाती, खांदे, सगळं पहिल्यासारखं पांढरंशुभ्र आणि मऊ. बरगड्यांच्या जरा मागे, जणू कुणी रेघ मारावी तिथं, स्वच्छपणा संपत होता. त्या रेघेपर्यंत ती रोज पोचत होती. घरात सगळ्यांच्या देखत, कुणाला न सांगता, रोज त्या रेघेपर्यंत. डॉक्टरांनी बारीक आवाजाचं मशीन लावून गाठी काढायला घेतल्या. स्टीलच्या टेबलावर एकेक पडू लागली. शेवटची निघाली ती हाताच्या तळव्याएवढी, चपटी, दोरखंडासारखा पीळ बसलेली. खालची कातडी लाल झाली होती. "जट," यशवंतराव पुटपुटले. "हो ना," डॉक्टर म्हणाल्या, "जटच म्हणायची."

तो शब्द त्यांनी कितीतरी वर्षांत उच्चारला नव्हता. खाली हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी पाइप कापत होतं, त्या आवाजात ते रक्ताच्या तपासणीसाठी बाकावर बसून राहिले आणि त्यांना आईचा ओटा दिसू लागला. जुन्या घराचा, गावठाणातला. आता तिथं तीन मजली पार्किंग आहे. ओट्यावर छबूबाई, त्यांची आई, भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्या डाव्या कानामागून खांद्यावर उतरलेली ती जट, हळदीनं पिवळी, कुंकवानं जागोजागी लाल. मंगळवारी आणि शुक्रवारी बाया यायच्या. नारळ ठेवायच्या, जटेला हात लावून कपाळाला लावायच्या. शेजारच्या चतुराबाईनं पहिल्यांदा सांगितलं होतं. आईच्या डोक्याकडे पाहून ती दारातच थबकली आणि हात जोडून म्हणाली, "वयनी, ही साधी गुंतवळ न्हाई. देवी आलीया तुमच्यात. कात्री लावाल तर घरादाराचं वाटोळं व्हईल." आई काहीच बोलली नव्हती. यशवंतराव तेव्हा तेहतीस-चौतीस वर्षांचे, शिफ्ट, ओव्हरटाइम, युनियन यांत बुडालेले. देवीवर त्यांचा फार विश्वास होता असं नाही, नव्हता असंही नाही. घरात एक गोष्ट आपोआप मिटली, आपल्याला काही करावं लागलं नाही, एवढंच त्यांना तेव्हा वाटलं असणार. आईजवळून जाताना कापराचा वास यायचा. देवळातल्यासारखा. त्या वासानं ते मनात का होईना, नमस्कार करायचे. नमस्कार केला की थांबावं लागत नसे.

पण त्याच्याही आधीची एक दुपार होती. ती आत्ता, या बाकावर, कुठून वर आली कोण जाणे. ते दुसऱ्या पाळीला निघाले होते. उंबऱ्यावर बसून सेफ्टी शूजच्या नाड्या बांधत होते, आणि कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती. मागून आई म्हणाली होती, "यशवंता, हात वर जात न्हाई रं माझा." ते वळले नव्हते. नाडीची गाठ नीट बसली नव्हती, ती पुन्हा बांधत होते. "कुठला?" "दोनी. फणी डोक्यापतुर न्हेता येत न्हाई." आणि ते म्हणाले होते, "आलो की बघू." आपले शब्द त्यांना स्वच्छ आठवले, आवाजासकट. आले तेव्हा पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा-वीस दिवसांत चतुराबाई दारात थबकली आणि मग बघायचं काही उरलंच नाही. तीन वर्षं ती जट वाढली, इतकी जड झाली की आईची मान एका बाजूला झुकायची आणि तिला त्याच कुशीवर निजावं लागायचं. त्या तीन वर्षांत आईनं पुन्हा हाताचं नाव काढलं नाही. एकदाच सांगितलं होतं तिनं. यशवंतरावांनी डोळे मिटले. समोरच्या बाकावर कुत्र्याला घेऊन बसलेला माणूस "काका, पाणी देऊ का?" म्हणाला, तेव्हा त्यांना कळलं की आपला चेहरा लोकांना दिसतो आहे.

घरी आल्यावर शेवंतीला त्यांनी गोधडीवर ठेवलं. पाठीमागचा भाग भादरलेला, लालसर, तिच्याकडे पाहवत नव्हतं. साधनाबाईंनी औषधाच्या पुड्या फडताळात ठेवल्या. यशवंतराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. भाकरीचं पीठ परातीत काढता काढता साधनाबाईंनी वर पाहिलं.

"आईची जट देवीची नव्हती," ते म्हणाले. "तिचे हात वर जात नव्हते. खांदे गेले होते तिचे."

साधनाबाईंनी पिठात पाणी घातलं. थोडा वेळ मळलं. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी दोनदा विंचरायला बसले होते. गाठी तेव्हा सुटण्यासारख्या होत्या. पण नुसतं डोकं जरा कलतं केलं तरी त्या विव्हळायच्या, मानेपासून खांद्यापर्यंत सगळं धरलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, साधने, राहू दे आता. देवीची म्हणत्यात तर म्हणू दे."

"आई म्हणाली?"

"म्हणाल्या, आजवर म्हातारी वसरीला पडून असती म्हणायची लोकं. आता पाया पडत्यात. तेवढं तरी ऱ्हाऊ दे मला. यशवंताला बोलू नगंस, त्यो डाक्तरकडं न्हील आन समदं कातरून टाकील, मग मी पुन्हा नुसती म्हातारीच. माझ्या गळ्याची शपथ घातली त्यांनी."

"आणि तू तीस वर्षं गप्प राहिलीस."

"राहिले." साधनाबाईंचे हात पिठात थांबले होते. "शेवटी शेवटी आत उवा झाल्या होत्या. तुम्ही कंपनीत गेलात की मी दार लावून खोबरेल तेलात कापूर घालून मुळाशी लावत होते. रोज दुपारी. त्या डोळे मिटून बसायच्या. कधी कधी रडायच्या, पण आवाज नाही करायच्या."

कापूर. यशवंतराव दाराच्या चौकटीला टेकले. तो देवळाचा वास. ज्याला त्यांनी नमस्कार केला होता तो वास उवांच्या औषधाचा होता. त्यांना बायकोचा राग आला, इतका की आवाज चढला. "मला सांगायला पाहिजे होतंस तू! माझी आई होती ती!" साधनाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि ओट्याला पाठ लावून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"खरं सांगू? शपथ होती हे खरं. पण मलाही बरं वाटलं होतं. तेजू तान्ही होती, थोरल्या जयदीपची शाळा, पाणी सकाळी पाऊण तास यायचं. त्यांचं विंचरायचं, वेणी घालायची, ते एक काम सुटलं. देवीनं सोडवलं म्हणा. पहिले चार-पाच महिने मला वाईटसुद्धा वाटलं नाही. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही." मग त्या म्हणाल्या, "तुम्हीच एकटे नव्हता त्या घरात."

राग कुठे ठेवावा हेच यशवंतरावांना कळेना. आईवर ठेवावा तर ती स्वतः जट मागून बसली होती. नुसती म्हातारी होण्यापेक्षा देवी होणं तिनं पत्करलं, आणि त्याची किंमत रोज रात्रंदिवस मानेवर वाहिली. आणि ते तिनं पत्करलं कशामुळे? एकदा सांगून पाहिलं म्हणून. ती दुपार साधनाबाईंना माहीत नव्हती. ती त्यांनी सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटाकडे पाहत, त्यांनी सांगितली. नाडीची गाठ, बसचा हॉर्न, "आलो की बघू", सगळं. साधनाबाईंनी ऐकून घेतलं. "असं होय," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात न विचारता आमटी वाढली. त्यांनी क्षमा केली की नाही हे यशवंतरावांना कळलं नाही. क्षमा करणं त्यांच्या हातात तरी कुठे होतं.

शेवंतीच्या रक्ताचा रिपोर्ट आला. मूत्रपिंड थोडं थकलं होतं, पण वयाच्या मानानं चालण्यासारखं. महिन्यातून एक इंजेक्शन ठरलं, दुखणं कमी व्हायला. ती पुन्हा तरुण झाली नाही. खिडकीत उडी मारली नाही. पण तिसऱ्या आठवड्यात ती वेताच्या बुटक्या मोड्यावर चढली, तिथं थोडा वेळ बसली, आणि बरगड्यांच्या मागे, पूर्वी पोचत नव्हती तिथं, दोन वेळा जीभ फिरवून थांबली. यशवंतराव पेपर न उलगडता ते पाहत राहिले. केस उगवायला लागले होते, बारीक, जरा वेगळ्या रंगाचे. जिथं तिची जीभ पोचत नव्हती तिथलं काम आता त्यांच्याकडे आलं. रोज सकाळी गॅलरीत फरशीवर बसून, ओल्या फडक्यानं आधी पुसायचं, मग बारीक दातांची मऊ फणी, केसांच्या कलानं, कंबरेजवळ अगदी हलकी. पहिले काही दिवस ती उठून जायची. मग जाईनाशी झाली. फणी शेपटीजवळ आली की ती मान जमिनीला टेकवून घुरघुरायची, आणि ते तिच्या घुरघुरण्यात कुठे खंड पडतो ते ऐकत हात पुढे न्यायचे. खंड पडला की तिथं दुखतंय. एवढं ऐकायला फार काही लागत नव्हतं. आईच्या श्वासातही असा खंड पडत असणार, कपाळावरचा केस मागे सारताना, ताट उचलताना. रोज दोन खोल्यांच्या घरात तो पडत होता.

मार्गशीर्षातली एक सकाळ. थंडी होती, शेवंतीचं विंचरून झालं होतं आणि ती उठून आत गेली होती. यशवंतरावांनी फणीतले केस काढून कागदात गुंडाळले, फडकं पिळून वाळत टाकायला बाजूला ठेवलं. आणि ते बसून राहिले. आत साधनाबाई खोलीत घड्या घालत होत्या, त्या स्वयंपाकघरात जायची ते वाट पाहत होते. त्या गेल्या की मग एका हातानं गॅलरीचा गज आणि दुसऱ्या हातानं भिंत धरून, दात आवळून, उजवा पाय सरळच ठेवून उठायचं. असं ते किती दिवस करत होते? खोली रिकामी झाल्याशिवाय उठायचं नाही, हे त्यांनी ठरवलं कधी होतं? ठरवलं नव्हतंच. तसं होत गेलं होतं. बाजारात जायचं सोडलं होतं, भाजी ताजी मिळत नाही म्हणून. मित्रांबरोबर बागेत जायचं सोडलं होतं, तिथं राजकारणाच्या गप्पा फार म्हणून. पाय नव्हताच त्यात कुठे. त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. लेंग्याच्या कापडाखाली तो सुजून डाव्यापेक्षा मोठा दिसत होता.

साधनाबाई चहा घेऊन दारात आल्या. "झालं ना विंचरून? उठा मग, गार होतोय."

"ठेव तिथं. घेतो मी."

साधनाबाईंनी कप कट्ट्यावर ठेवला आणि त्या वळल्या. त्यांची पाठ आत जाताना दिसली, पांढऱ्या झालेल्या केसांचा छोटा अंबाडा, एक पिन निसटत आलेली. आणखी चार पावलं, मग स्वयंपाकघर, मग नळ सुरू होईल.

"साधना," ते म्हणाले. आवाज त्यांना हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "जाऊ नकोस. माझा उजवा गुडघा वाकत नाही. गुढीपाडव्याच्याही आधीपासून. मला एकट्याला उठता येत नाही."

साधनाबाई थांबल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, पायाकडे. मग त्या आल्या, पदर खोचला, त्यांच्या शेजारी ओणव्या झाल्या आणि दोन्ही हात पुढे करून विचारलं, "कुठं धरू?"

यशवंतरावांनी सांगितलं.